बांक्या माणसांचं गाव

रीडिंग,
शनिवार, ६ मार्च १९९३

प्रिय उल्का,

मग आम्ही प्यायचं तरी कोणतं पाणी? हा प्रश्न मला धापूबाईनं विचारलाय आणि त्याचं उत्तर मला येत नाही. धापूबाई तुला माझ्या बोलण्यातून माहीत आहे. गेल्या वर्षी जानेवारी ते मार्च मी राजस्थानात पाण्याचे नमुने गोळा करत फिरले, तेव्हा जिच्या घरी नऊ दिवस राहिले ती. तिला लिहिता येत नाही. तिच्या ढाणीतल्या, म्हणजे वाळवंटातल्या पंधरा-वीस घरांच्या वाडीतल्या, शाळामास्तरांनी तिचा प्रश्न हिंदीत लिहून पाठवला. पत्र बुधवारी आलं. तेव्हापासून माझं डोकं तापलंय आणि ते अजून थंड व्हायला तयार नाही.

मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत भांडलो की तू जिंकतेस. गेल्या तीन महिन्यांत आपण चारदा भांडलो, चारही वेळा ऑफिसच्या किचनमध्ये, दबक्या आवाजात, आणि चारही वेळा तुझं वाक्य पुरं झालं, माझं अर्धं राहिलं. मराठी वाचायला तुला मीच शिकवलं. साउथहॅम्प्टनला, युनिव्हर्सिटीच्या आपल्या हॉस्टेलवर, माझ्या आईची पत्रं पुढ्यात घेऊन. तू 'माझा आई' म्हणायचीस, मी हसले की म्हणायचीस, आई इज आई यार, तिला जेंडर कशाला हवा? तेव्हा जोडाक्षर अडलं तर मोठ्यानं वाच, लागेल. पण पद्माकरकाकांकडून, तुझ्या बाबांकडून, वाचून घेऊ नकोस. त्यांचं नाव पुढे येणार आहे, आणि ते ज्या जागी येणार आहे तिथं त्यांना वाईट वाटेल.

माझ्या आईची इथं आल्यापासून, म्हणजे एकोणीसशे त्र्याहत्तरपासून, एकच तक्रार आहे: रीडिंगला वरण शिजत नाही. इचलकरंजीत डाळ चुलीवर टाकून ती पाण्याला जाऊन यायची तोवर वरण तयार. इथं कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ एकीकडे, पाणी एकीकडे. चिमूटभर सोडा टाकल्याशिवाय तिचा इथला एक दिवस गेलेला नाही. किटलीत पांढरा थर बसायचा. बाबा दर रविवारी, बसची ड्युटी नसली तर, किटलीत व्हिनेगर उकळायचे आणि सगळ्या घराला चिप शॉपचा वास यायचा. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षात मला कळलं की आपण चॉकच्या, म्हणजे मऊ चुनखडकाच्या डोंगरावर राहतो, पावसाचं पाणी त्यातून झिरपताना चुना विरघळवून घेतं, आणि त्यातलं कॅल्शियम डाळीला असं घट्ट धरून ठेवतं की ती फुटतच नाही. त्या दिवशी मी फोन बॉक्समधून घरी फोन केला. आई, तुझी डाळ वाईट नाही गं, आपल्या नळातून टेकडी येते. आई म्हणाली, मग त्या टेकडीला सांग, रोज रोज जेवायला येऊ नकोस म्हणावं. मी खडकांकडे वळले ती अशी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेच्या पुढे गेलं नव्हतं. माझी पदवी बाबांनी टीव्हीच्या वर, गणपतीच्या शेजारी लावली आहे. बस चुकली म्हणून ओरडणाऱ्या प्रवाशांनाही ते सांगतात, माय डॉटर, जिऑलॉजिस्ट.

म्हणून आपल्या कंपनीला हे काम मिळालं तेव्हा मला ते माझ्याचसाठी आलंय असं वाटलं. लंडनच्या एका ट्रस्टला राजस्थानातल्या गावोगावच्या पाण्याचा नकाशा हवा होता. कुठलं पाणी किती जड, त्यानं नळ कुठं चोंदतात, साबणाला फेस कुठं येत नाही. जिथं खाली हलकं पाणी सापडेल तिथं ट्रस्ट खोल बोअर घेणार, पंप बसवणार, गावात नळ आणणार. आपला साहेब प्रेंटिस मला म्हणाला, यू स्पीक द लँग्वेज, डोन्ट यू? मी म्हटलं, ती भाषा वेगळी आहे. तो म्हणाला, क्लोज इनफ. मी हसले. माझ्या त्या हसण्याचा मला आता राग येतो.

जायच्या आदल्या आठवड्यात तू लॅबमधून दोनशे बारा प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून दिल्यास. मी म्हटलं काचेच्या दे, काच स्वच्छ असते. तू म्हणालीस, काच नको, प्लॅस्टिकच ने, मला एक एक्स्ट्रा टेस्ट करून बघायचीय. कुठली टेस्ट ते मी विचारलं नाही. ती गोष्ट लक्षात ठेव, मी त्यावर परत येणार आहे.

प्रत्येक गावात मी नमुना घ्यायचे, आणि विहिरीवरच्या बायकांना विचारायचे, या पाण्यात डाळ शिजते का? वहीत मी एक जादा रकाना आखला होता. त्याला नाव दिलं 'वरण'. शिजतं, उशिरा शिजतं, शिजतच नाही. बायका खूश व्हायच्या. सरकारी माणसं येऊन बाटली भरून जातात, डाळीचं कुणी विचारत नाही म्हणायच्या. परत आल्यावर मी रकाना प्रेंटिसला दाखवला. आधी तो हसला, मग त्याला तो इतका आवडला की रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर गेला. 'द दाल टेस्ट', आणि खाली माझं नाव. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. किती ह्यूमन, म्हणाल्या. मी ते पान आईला वाचून दाखवलं. आईनं शेजारच्या मिसेस डॉसनला बोलावून ते पान दाखवलं आणि त्यांना वरणाची वाटी दिली. नकाशा मी हातानं रंगवला. जड पाणी लाल. हलकं पाणी, जिथं डाळ झटकन शिजते ते पाणी, हिरवं. कुणी मला हिरवा रंग वापर असं सांगितलं नव्हतं, उल्का. तो मी निवडला.

तुला खडकांचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण आज ऐक, कारण सगळं तिथंच आहे. पश्चिमेला जैसलमेरकडे पिवळा चुनखडक, आपल्या इथल्या चॉकचा लांबचा म्हातारा भाऊ. त्यातलं पाणी जड असणारच. अलीकडे बिकानेर-नागौरच्या बाजूला जमिनीत जिप्सम, कधीकाळी सुकून गेलेल्या खाऱ्या तळ्यांचं. ते पाणी असं जड की उकळूनही काही फरक पडत नाही. वर वाळू आणि वाळूखाली कंकराचा थर, म्हणजे चुन्याच्या गाठी. आपल्याकडे पाऊस खडकातलं धुतो आणि नदीतून समुद्राला देऊन टाकतो. तिथं पाऊस कधीतरी येतो, थोडा जिरतो आणि ऊन त्याला पुन्हा वर ओढून घेतं. पाणी उडून जातं, चुना मागं राहतो. हजारो वर्षं हेच चाललंय. फक्त उत्तरेला, जिथं कालव्यानं हिमालयातलं पाणी येतं, तिथल्या नळांची गोष्ट वेगळी. आणि मध्ये अरवलीची रांग, फार जुनी. ग्रॅनाईट, अभ्रक. तिच्या आसपास आणि पश्चिमेलाही काही पट्टे असे आहेत की वरच्या विहिरीला जड पाणी, पण दोनशे-अडीचशे फूट बोअर घेतली की हलकं. मला वाटलं, देव पावला. एवढ्या चुन्याच्या देशात हे पाणी हलकं कसं राहिलं, हे मी विचारायला हवं होतं. तो माझा विषय होता. मी विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात आईचं वरण होतं.

मिसेस डॉसनच्या सिंकखाली सॉफ्टनरची पेटी आहे. त्या दर महिन्याला तीत मिठाच्या विटा टाकतात. पेटी पाण्यातलं कॅल्शियम काढून घेते आणि बदल्यात सोडियम देते. तिथं खाली मातीचे थर नेमकं हेच करतात. पाणी त्या मातीत शेकडो वर्षं मुरतं, कॅल्शियम मातीला देतं आणि हलकं होऊन बसतं. एवढं मला कागदावर पाठ होतं. पण कॅल्शियम गेल्यावर पाण्यात काय मोकळं सुटतं, ते नव्हतं.

आता बांक्या माणसांचं सांगते. हे मी तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून. धापूबाईचं पीहर, म्हणजे माहेर, तिच्या ढाणीपासून दोन तासांच्या चालीवर. तिथं चौदा वर्षांपासून सरकारी खोल बोअर आणि नळ. तिच्या सासरी मात्र जुनी जड पाण्याची विहीर. ती मला हौसेनं माहेरी घेऊन गेली. तिथलं पाणी बघा बाईसा, म्हणाली, मिठाईसारखं. खरंच गोड पाणी. डाळ अर्ध्या तासात मेण. मी वहीत तीन वेळा अधोरेखित केलं. ओट्यावर तिचे भाऊ आणि काका बसले होते. मोठाल्या पगड्या, पांढऱ्या मिशा, हातात काठ्या. धापूबाईची भावजय म्हणाली, म्हारे गांव रा सगळा मिनख बांका है, बाईसा. आमच्या गावातली सगळी माणसं बांकी. आणि मला हे कळलं! इतके दिवस अर्धंमुर्धं कळत होतं, आणि आता अख्खं वाक्य कळलं. बांका म्हणजे आपल्याकडे काय? रुबाबदार, देखणा, तगडा गडी. मी हसून म्हटलं, हो ना, एकेक पाहा कसे बांके आहेत, नजर लागेल! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक म्हातारी खो खो हसायला लागली, तशा सगळ्या हसल्या, धापूबाईसुद्धा, पण ती माझ्याकडे न बघता. मला वाटलं, मी विनोद केला आणि तो जमला. परत येताना मी तिला म्हटलं, तुमच्याकडच्या बायका नवऱ्यांची छान थट्टा करतात. ती पदर ओढून पुढे चालत राहिली. वाटेत एकदाच म्हणाली, म्हारो बडो भाई आसमान कोनी देख सकै. माझ्या थोरल्या भावाला आभाळ दिसत नाही. मला वाटलं, त्याला मोतीबिंदू झाला असेल. मी वहीत लिहिलं, 'डोळ्यांचे आजार?' आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

नोव्हेंबरात, उशिरानं ठेवलेल्या दिवाळीच्या जेवणाला, मी तुमच्या घरी साउथहॅम्प्टनला फोटोंचा अल्बम घेऊन आले. तुझी आई करंज्या तळत होती, तू वर फोनवर होतीस. पद्माकरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला, एक फोटो बोटानं दाबून धरला आणि म्हणाले, सुप्रभा, हा माणूस असाच बसतो? मी म्हटलं, हो, म्हातारपण, काबाडकष्ट. ते म्हणाले, अगं, याचं वय काय? मी म्हटलं, धापूबाईचा भाऊ, चाळीस-पंचेचाळीस. काकांनी अल्बम दिव्याखाली ओढला. मग म्हणाले, हा बसलेला नाही, हा असाच आहे. याची मान वर होत नसणार. गुडघे बघ. तीस वर्षं हाडं बघतोय मी इथल्या हॉस्पिटलात, हे मी इथं कधी पाहिलं नाही, पण आम्हाला पुस्तकात होतं. यांच्या पाण्यात फ्लोराईड किती आहे? मी म्हटलं, काका, माहीत नाही, आम्ही फक्त हार्डनेस मोजला. काका म्हणाले, असं कसं? उल्कानं मोजलं असेल की. माझी पोर आहे ती, विचार तिला.

मला तो क्षण आठवतो. तू जिन्यावरून खाली येत होतीस आणि काका कौतुकानं तुझ्याकडे बघत होते. मी अल्बम मिटला. सोमवारी लॅबमध्ये विचारलं. तू कपाट उघडलंस आणि फाइल काढून दिलीस, इतक्या सहज. दोनशे बारा नमुने. प्रत्येकाचं फ्लोराईड, तुझ्या सुंदर बारीक अक्षरात, प्रत्येक पानाखाली तुझी सही. ती बाटल्यांची टेस्ट. काच फ्लोराईडला धार्जिणी नाही म्हणून प्लॅस्टिक. म्हणजे तुला सुरुवातीपासून शंका होती. म्हणजे तू चांगली केमिस्ट आहेस. माझ्या हिरव्या रंगातले चौसष्ट नमुने, त्यांतले एक्कावन्न लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. धापूबाईच्या माहेरचा नळ, साडेसहा. तिच्या सासरची लाल विहीर, सातशेच्या वर हार्डनेस, खारट, डाळ न शिजवणारी, आणि फ्लोराईड शून्य पूर्णांक आठ. पाण्यात कॅल्शियम असलं की ते फ्लोराईडला धरून दगडात बसवतं. जड पाणी त्यांना सांभाळत होतं, उल्का. मी त्याला लाल रंग दिला होता.

आणि तू म्हणालीस, ब्रीफमध्ये हार्डनेस होता, वी गेव्ह देम हार्डनेस. तू म्हणालीस, प्रेंटिसला दाखवलं होतं मी, सप्टेंबरमध्येच, तो म्हणाला फाइलला ठेव, फेज टूमध्ये बघू. तू म्हणालीस, मी काही खोटं नाही लिहिलं, जे कुणी विचारलं नाही ते नाही सांगितलं, दॅट्स नॉट लाइंग. मी म्हटलं, रिपोर्ट जायच्या आधी मला तरी सांगायचंस. तू म्हणालीस, तू किती एक्सायटेड होतीस त्या डाळीवरून, मला स्पॉइल नव्हतं करायचं. या वाक्यावर मी अजून चिडलेली आहे. बाकीच्यांवर नुसती रागावलेली आहे, पण या वाक्यावर चिडलेली आहे. माझा आनंद राहावा म्हणून! मला कुणी विचारलं असतं ना, तुझं तिसरं पान हवं की त्या माणसांच्या माना, तर मी काय सांगितलं असतं, हे तुला सात वर्षांत कळलं नाही?

जानेवारीत मी प्रेंटिसच्या खोलीत गेले. तुलाही बोलावलं, तू आलीस. मी सगळं सांगितलं, काकांनी फोटो बघून काय म्हटलं तेही. तो शांतपणे ऐकत होता. त्यानं तुला विचारलं, इज इट अ कन्सर्न, इन युअर व्ह्यू? तू खिडकीतून कार पार्ककडे बघत होतीस. तू म्हणालीस, इट वुड नीड फर्दर वर्क. त्यानं वहीत लिहिलं, 'फर्दर वर्क'. एवढंच. बाहेर आल्यावर मी तुला म्हटलं, तू एक शब्द नीट बोलली असतीस तर झालं असतं. आणि तू किचनमध्ये किटली लावत, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, तुझं बरं आहे, तुला काय गमवायचंय? मी एप्रिलमध्ये लॅब हेड होणार, पहिली बाई. तू फील्डवाली आहेस, तुला कुठंही काम मिळेल.

मला काय गमवायचंय. तुझ्या घरात तीन डॉक्टर आहेत. तू उद्या नोकरी सोडलीस तर तुझी आई म्हणेल, बरं झालं, पीएचडी कर. माझे बाबा पहाटे साडेचारला डेपोत जातात, आणि परवाच त्यांनी कंपनीच्या ख्रिसमस पार्टीतला माझा फोटो फ्रेम करून आणला. पदवीच्या खाली लावला. मी काय करणार आहे हे मी त्यांना गुरुवारी सांगितलं. आई म्हणाली, अगं पण पर्मनंट आहेस ना तू? बाबा बूट घालत राहिले. मग म्हणाले, बसचा ब्रेक लागत नाही हे मला माहीत असेल आणि मी ती तशीच बाहेर काढली, तर मला कुणी काही विचारलं नव्हतं असं मी म्हणू शकतो का? आणि गेले ड्युटीवर. सहावीपर्यंत शिकलेला माणूस. मला माझा राग कमी झाल्यासारखा वाटला होता, तेवढ्यात मला तुझी आठवण झाली.

आता मास्तरांचं पत्र. डिसेंबरात मी त्यांना लिहिलं होतं, लपूनछपून, घरच्या पत्त्यावरून. धापूबाईच्या माहेरची किती माणसं वाकली आहेत, पोरांच्या दातांवर पट्टे आहेत का, एवढं मोजून कळवा म्हणून. त्यांनी मोजलं. मोठ्यांमधली एकशे चार माणसं, त्यांतली एकेचाळीस बांकी, म्हणजे तिकडच्या बोलीत वाकडी. त्यांनी तोच शब्द लिहिलाय, आणि मला पुन्हा ते ओट्यावरचं हसू ऐकू आलं. पोरं जवळजवळ सगळी, दातांवर तपकिरी रेघा. आणि पुढे लिहिलंय की ट्रस्टचे पंप बसून तयार आहेत. अडतीस गावं. आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, सगळीकडे एकाच दिवशी नळ सुरू होणार आहेत, मंडप घालणार आहेत. आणि जुन्या विहिरींवर, माझ्या लाल विहिरींवर, फरशा टाकून त्या बंद करणार आहेत, कारण रिपोर्टनं त्या वाईट ठरवल्या आहेत. धापूबाईच्या विहिरीची फरशी येऊन पडली आहे. टांक्यातलं, म्हणजे जमिनीखालच्या हौदातलं, पावसाचं पाणी चार महिने पुरतं, विहीर उन्हाळ्यात तळाला जाते आणि पोटं बिघडवते, नळाचं पाणी माणसं वाकवतं. हे सगळं मास्तरांनी तिला समजावलं, आणि तिनं विचारलं, मग आम्ही प्यायचं तरी कोणतं? मला उत्तर येत नाही. पण उत्तर येत नाही आणि खोटं उत्तर हिरव्या रंगात छापून दिलंय, यांत फरक आहे. आखातीजेला सात आठवडे उरलेत. फर्दर वर्क.

तू म्हणशील, हे सगळं मला माहीत आहे, परत का लिहितेस. भांडण जिंकायला लिहीत नाही. गुरुवारी लंचच्या वेळी तू जिमला गेलीस, तेव्हा मी तुझ्या कपाटाची किल्ली काढली. ती कुठं असते हे तू मला मैत्रीण म्हणून सांगितलं होतंस आणि मी ते वापरलं. त्याची माफी मागते, फक्त त्याची. फ्लोराईडची अकरा पानं मी फोटोकॉपी केली. घरी डायनिंग टेबलवर टिपेक्सची, खोडायच्या पांढऱ्या शाईची, बाटली उघडून बसले होते. तुझं नाव यात येऊ नये म्हणून प्रत्येक पानाखालची तुझी सही खोडायची आणि पुन्हा कॉपी काढायची, एवढंच करायचं होतं. पहिल्या पानावर ब्रश टेकवलासुद्धा. पण सही नसलेले आकडे कुणी मानणार नाही. प्रेंटिस म्हणेल, कुठून आले हे, कुणी मोजले? आणि तू मोजले आहेस, उल्का. या अख्ख्या प्रकरणात बरोबर केलेलं काम एकच आहे आणि ते तुझं आहे. मी टिपेक्स नखानं खरवडून काढलं. आज सकाळी दहा वाजता पोस्ट ऑफिसात तीन पाकिटं रजिस्टर्ड केली: एक लंडनला ट्रस्टला, एक जयपूरला पाणी खात्याला, एक मास्तरांना, हिंदीत, विहिरीवर फरशी टाकू देऊ नका म्हणून. तिन्हींत माझं पत्र आहे की हिरवा रंग मी दिला आणि तो चुकीचा आहे. तिन्हींत तुझी पानं आहेत. सोमवारी तुला ऑफिसात कुणी काही विचारायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र मी आत्ता चालत येऊन तुझ्या दारातून आत टाकणार आहे. बेल वाजवणार नाही. अकराही पानांखाली तुझी सही आहे तशी गेली आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
सुप्रभा